ट्युलिप की ओक? न्यू जर्सीतल्या पाव एकरासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्य न्यू जर्सीत नवं घर, पाव एकराचा प्लॉट, मागे नुसतं सपाट लॉन. या फॉलला बागेसाठी ठेवलेले पैसे आणि वीकेंड पाहता एकच काम होईल. बाईंना दोनशे ट्युलिप हवेत, मिस्टरांना ओकचं झाड. पाच-सात वर्षांत घर बदलेल अशीही शक्यता आहे. आणि जाता जाता एक पुरवणी: सासूबाईंना दारात निशिगंध हवाय, तो इथे येईल का?

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. ओक लावा, पण लहान रोप घ्या. ट्युलिपचा हट्ट सोडा आणि वाचलेल्या पैशांत डॅफोडिलचे शंभरेक कंद घ्या. ते कंद त्याच ओकभोवती, याच फॉलला लावा. नवरा-बायकोत समेट करायचा म्हणून मी हे सांगत नाही. मी इथे बागांची कामं करते, आणि या दोघांची जोडी खरंच जमते. का जमते ते कळलं की जागा कुठली, जात कुठली, खड्डा केवढा, हे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

कंदापासून सुरू करू. ऑक्टोबरात दुकानातून आणलेल्या ट्युलिपच्या पिशवीतला एक कंद बळी द्या. धारदार सुरीने शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरा. जाड पांढरे पापुद्रे दिसतील, खाली चकतीसारखं बूड दिसेल, आणि बरोबर मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढं, आख्खं फूल तयार असेल. भिंग असेल तर पाकळ्यांच्या आत सहा पुंकेसर मोजताही येतात. म्हणजे पहिल्या स्प्रिंगला तुमच्या अंगणात जे फुलतं ते हॉलंडच्या शेतकऱ्याचं कर्तृत्व असतं. त्याने ते फूल कंदात भरूनच पाठवलेलं असतं. त्याला उठवायला बारा ते सोळा आठवड्यांची सलग थंडी लागते, आणि जर्सीत ती फुकट मिळते. म्हणून पहिल्या वर्षी सगळ्यांचेच ट्युलिप दृष्ट लागण्यासारखे येतात.

खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी. ट्युलिपचा मूळ कंद दरवर्षी संपतो. फुलून झाला की तो सुकतो आणि त्याच्या जागी पिल्लं धरतात. ती पिल्लं पोसली गेली तरच पुढचं फूल. ट्युलिपचं माहेर मध्य आशियातले डोंगर: कडाक्याचा हिवाळा, आखूड ओला वसंत, आणि मग रखरखीत कोरडा उन्हाळा. त्या कोरड्या उन्हाळ्यातच कंद जमिनीत पिकतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात काय असतं? घामट हवा, दर चार दिवसांनी गडगडाटी पाऊस, आणि त्यावर शेजाऱ्याच्या आणि आपल्या लॉनचे स्प्रिंकलर. मध्य जर्सीची लाल चिकण माती ते पाणी धरून बसते. पिल्लं लहान राहतात किंवा सडतात. बहुतेक बागांत दुसऱ्या वर्षी निम्मी फुलं आणि तिसऱ्या वर्षी एकेक रुंद पान, बस्स. मोठ्या सार्वजनिक बागांमध्ये म्हणूनच ट्युलिप फुलून झाले की उपटून टाकतात आणि फॉलला नवे लावतात. श्रीनगरला जाऊन आलेली मंडळी फोटो दाखवून म्हणतात, तसं करून द्या. पण तिथला तो बहर जेमतेम महिनाभराचा आणि त्यामागे माळ्यांची फौज. आपण दोघं, तीही नोकरी सांभाळून.

त्यात हरणं. ट्युलिपची कळी उमलायच्या आदल्या रात्री नेमकी खाल्ली जाते, हे जर्सीत राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. कंद लावल्या लावल्या खारी उकरतात ते वेगळंच.

डॅफोडिलचं तसं नाही. त्याचा कंद दरवर्षी संपत नाही, वाढत जातो आणि बाजूला पिल्लं घालतो. त्यात लायकोरीन नावाचं विष आहे आणि चिकात सुईसारखे बारीक स्फटिक आहेत. त्यामुळे हरीण, खार, चिपमंक कुणी तोंड लावत नाही. आपल्या घरांत मात्र एक काळजी घ्या. डॅफोडिलचा कंद हुबेहूब कांदा दिसतो. पिशवी गॅरेजमध्येच ठेवा, ओट्याजवळच्या कांद्या-बटाट्याच्या टोपलीशेजारी नको. पाहुण्यांपैकी कुणी पोह्यांना चिरायला घेतला तर उलट्यांनी हैराण होतील. लावताना हातमोजे घाला, चिकाने काहींच्या हातांना खाज सुटते.

डॅफोडिल किती टिकतात याची लोकांना कल्पना नसते. कंद म्हणजे चार दिवसांची हौस आणि झाड म्हणजे पिढ्यांचं काम, अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते. पण इथल्या जुन्या शेतांच्या कडेने मार्च-एप्रिलमध्ये फिरून बघा. जिथे घराचा नुसता दगडी पाया उरलाय, छप्पर कधीच गेलंय, तिथे दाराच्या दोन्ही बाजूंना डॅफोडिलचे झुबके अजून फुलताना दिसतात. लावणारे गेले, घर गेलं, कंद आहेत. ट्युलिपबद्दल हे कधीच म्हणता येणार नाही.

एवढं ऐकूनही ट्युलिप हवेच असतील तर हौसेला मोल नाही. पुढच्या दारापाशी, जिथून रोज जाता-येता दिसतील तिथे पंचवीस-तीस लावा आणि ते एका वर्षाचे समजा. त्यातल्या त्यात डार्विन हायब्रिड जातीचे घ्या आणि आठ इंच खोल लावा, ते दोन-तीन वर्षं तग धरतात. किंवा ट्युलिपा क्लुसियाना ही जंगली जात शोधा. इराणपासून पश्चिम हिमालयापर्यंत ती आपसूक वाढते. फूल लहान, बाहेरून लाल पट्टे, आतून पांढरं. उतारावर, पाणी न साचणाऱ्या जागी ती रुजली तर पसरतेसुद्धा. मला स्वतःला दुकानातल्या मोठ्या ट्युलिपपेक्षा तीच जास्त आवडते, पण तो आवडीचा भाग झाला.

आता ओक. आणि जोडी का जमते ते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या रस्त्यावर नजर टाका. मेपलला कोवळी पानं आलेली असतात, चेरी फुलून गेलेली असते, आणि ओक मात्र उघडाबोडका उभा असतो. मध्य जर्सीत त्याची पानं एप्रिल संपता संपता फुटू लागतात आणि नीट पसरायला मे उजाडतो. हा आळस नाही. त्याच्या लाकडात कारण आहे. ओकचं जळाऊ लाकूड कुठे आडवं कापलेलं दिसलं तर जवळून पाहा. प्रत्येक वर्षाच्या कड्याच्या सुरुवातीला छिद्रांची एक रांग नुसत्या डोळ्यांना दिसते. पाणी वर नेणाऱ्या त्या मोठ्या नळ्या. मोठ्या असल्यामुळे उन्हाळ्यात त्या भरपूर पाणी ओढतात, पण हिवाळ्यात आतलं पाणी गोठलं की त्यांत हवेचे बुडबुडे धरतात आणि त्या निकामी होतात. दर स्प्रिंगला ओकला आधी नव्या नळ्या बांधाव्या लागतात आणि मग पानं उघडता येतात. मेपलच्या नळ्या बारीक असतात, त्या बऱ्याच प्रमाणात थंडी सोसतात, म्हणून तो पुढे.

या उशिरामुळे ओकखालच्या जमिनीला मार्चपासून मेच्या सुरुवातीपर्यंत उघडं ऊन मिळतं. स्नोड्रॉप आणि क्रोकस मार्चमध्ये, लवकरचे डॅफोडिल मार्चअखेर, बाकीचे एप्रिलमध्ये. फुलून झाल्यावर पुढच्या वर्षाचं फूल पोसायला पानांना जे ऊन लागतं त्यातला मोठा वाटा ओकची सावली पडायच्या आत पदरात पडलेला असतो. मग जूनमध्ये पानं पिवळी होतात, कंद झोपतो, आणि उन्हाळाभर ओक जमिनीतलं पाणी ओढून ती कोरडी ठेवतो. झोपलेल्या कंदाला कोरडं तर हवंच असतं. सह्याद्रीत पहिल्या पावसाला सागाची पानं मोठी व्हायच्या आत खाली रानहळद फुलून घेते, ती हीच युक्ती. इथल्या जंगलातही ओकांखाली ट्राउट लिली आणि स्प्रिंग ब्यूटी या देशी वनस्पती असंच वेळापत्रक पाळतात. ट्राउट लिलीला तर बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला पाच-सहा वर्षंही लागतात, त्यामुळे तिचा नाद सध्या नको.

हे सगळं लक्षात घेतलं की एक नियम निघतो: दोन्ही एकाच वेळी लावा. आधी ओक मोठा होऊ दे, मग खाली कंद लावू, असं केलंत तर पंचाईत होते. ओकची अन्नपाणी शोषणारी मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात, फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली. तिथे सहा-सहा इंचांचे शंभर खड्डे म्हणजे शंभर ठिकाणी मुळं तोडणं. आज ओकचं रोप लहान आहे, मुळं कुंडीएवढी आहेत, आसपास हवं तसं खणा. उद्या मुळं कंदांच्या मधून वाट काढत जातील. ज्यांच्याकडे आधीच मोठा ओक आहे त्यांनी क्रोकस किंवा सिला यांसारखे छोटे कंद घ्यावेत, तीन इंचांचं भोक पुरतं. क्रोकस खारी खातात, त्यातल्या त्यात टोमासिनियानस जातीला कमी त्रास होतो.

ओक कुठला? नर्सरीत तुम्हाला रेड ओक किंवा पिन ओक दाखवतील. रेड ओक 1950 पासून न्यू जर्सीचं राज्यवृक्ष आहे, वर्षाला दोन फुटांपर्यंत वाढतो, दिसतोही छान. तरी मी सध्या तो सुचवत नाही. जर्सीत रेड ओक गटातल्या झाडांना झायलेला नावाच्या जिवाणूमुळे होणारा पानकरपा फार आहे. ऑगस्टअखेर पानांच्या कडा बाहेरून आत तपकिरी होत जातात, दरवर्षी थोड्या जास्त फांद्यांवर, आणि काही वर्षांत झाड वाळतं. बरं करणारा उपाय नाही. इंजेक्शनं मिळतात, ती लक्षणं लांबवतात आणि खिशाला दरवर्षी चाट लावतात. व्हाइट ओक गटाला हा रोग क्वचितच सतावतो. म्हणून क्वेर्कस अल्बा, म्हणजे व्हाइट ओक, किंवा क्वेर्कस बायकलर, म्हणजे स्वॉम्प व्हाइट ओक. पाणी धरणारी चिकण माती असेल तर दुसराच. दोन गट ओळखायला सोपे आहेत: रेड गटाच्या पानाचे कंगोरे टोकदार, टोकाला बारीक केसासारखा काटा, व्हाइट गटाचे कंगोरे गोलसर. लेबलवर विश्वास टाकण्यापेक्षा पान बघून घ्या.

व्हाइट ओक किती जगतो हे जर्सीच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलंय. बास्किंग रिजच्या चर्चच्या आवारातला ओक सुमारे सहाशे वर्षांचा मानत. तो 2017 मध्ये कापावा लागला, पण त्याच्याच एकॉर्नपासून, म्हणजे ओकच्या फळापासून, वाढवलेलं रोप आवारात लावलंय. सेलमच्या क्वेकर दफनभूमीतला तसाच जुना ओक 6 जून 2019 ला उन्मळून पडला. तुमचा तेवढा जगेल असं मी म्हणत नाही. उपनगरातल्या झाडाला केबलवाले, ड्राइव्हवेवाले आणि नवे मालक भेटत असतात. पण जात ती आहे, आणि जागा निवडताना तिचा मान ठेवायला हवा.

जागा. इथे घाई केलीत तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. व्हाइट ओकची उंची साठ-सत्तर फूट आणि घेरही जवळपास तेवढाच होतो. घराच्या भिंतीपासून किमान पंचवीस फूट, जमल्यास तीस. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे नाही. गावाबाहेर सेप्टिक असेल तर त्याच्या पाण्याच्या चरांवर नाही. छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर दक्षिणेला नाही. पाव एकरात या चाळणीतून एक, फार तर दोन जागा उरतात. त्यातली पश्चिमेची निवडा. जुलैत संध्याकाळचं तिरपं ऊन अडेल आणि हिवाळ्यात पानं गळाली की येईल. तुमचं घर टाउनहाउस असेल आणि मागचं अंगण बारा फुटांचं असेल तर ओकचा विषय इथेच संपला; फक्त कंद लावा आणि तेही असोसिएशनला विचारून. खणण्याआधी तीन कामाचे दिवस 811 ला फोन करा. गॅस, वीज, केबल कुठून गेलीय ते फुकट खुणा करून देतात. आपल्या मंडळींना याचा कंटाळा येतो, पण गॅसच्या पाइपवर फावडं बसल्यावरचा खर्च फुकट नसतो.

आकार. नर्सरीतला सेल्समन तुम्हाला मनगटापेक्षा जाड बुंध्याचं, मातीचा गोळा गोणपाटात बांधलेलं झाड दाखवेल. लगेच झाडासारखं दिसतं, म्हणून मोह होतो. दोन कारणांनी घेऊ नका. जमिनीतून खणून काढताना त्याची बहुतेक मुळं शेतातच राहिलेली असतात, आणि बुंध्याच्या जाडीच्या प्रत्येक इंचामागे सावरायला साधारण एक वर्ष जातं. तीन इंची झाड तीन वर्षं नुसतं जीव धरून असतं, तेवढ्यात शेजारचं काठीएवढं रोप त्याला गाठतं. दुसरं कारण फॉलचं. ओक हे शरदात खणून काढायला धोक्याचं झाड आहे, आमच्या धंद्यात ते सगळ्यांना ठाऊक असतं. स्प्रिंगला, कळ्या फुटायच्या आत खणलेलं असेल तर ठीक. दुकानदाराला सरळ विचारा: हे कधी खणलं? नीट उत्तर मिळालं नाही तर पुढे चला. तुम्ही कुंडीत वाढलेलं पाच ते सात गॅलनचं, चार-पाच फुटी रोप घ्या. तेच दोनशे ट्युलिपच्या पैशांत बसेल आणि वर डॅफोडिलही येतील.

कुंडीतल्या रोपाचा दोष म्हणजे गोल फिरलेली मुळं. कुंडी काढल्यावर गोळ्याच्या बाहेरून चक्राकार गेलेली मुळं दिसली तर करवतीने चारी बाजूंनी इंचभर तासून काढून टाका. कीव करू नका; ती मुळं तशीच राहिली तर पंधरा-वीस वर्षांनी बुंध्यालाच आवळतात. वरची माती बोटांनी उकरत बुंधा जिथे पसरट होतो ती जागा शोधा. कुंडीत ती पुष्कळदा दोन-तीन इंच खाली गाडलेली असते. ती जागा जमिनीच्या पातळीला किंवा किंचित वर यायला हवी. खड्डा गोळ्याइतकाच खोल, पण दुप्पट-तिप्पट रुंद. तीच माती परत भरा. पिशवीतलं विकतचं काळं खत खड्ड्यात भरलंत तर मुळं त्या गोडीत घुटमळतात आणि चिकण मातीत बाहेर पडायचं नाव घेत नाहीत. वर दोन-तीन इंच मल्च, म्हणजे लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन, बुंध्याला न चिकटवता. इथे लँडस्केपवाले बुंध्याभोवती मल्चचा डोंगर रचतात, ते कुणी सुरू केलं कोण जाणे. त्याने साल कुजते.

पहिले दोन उन्हाळे पाणी ही एकमेव सेवा. आठवड्यातून एक-दोनदा पाच गॅलनची बादली सावकाश ओता. पाऊस नीट झाला तर तेही नको. रोपाभोवती पाच फूट उंच तारेची जाळी हवीच. हरणं शेंडा खातात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात नर शिंगं घासून एका रात्रीत साल उतरवतात. खत पहिली दोन-तीन वर्षं नको. छाटणी करायची तर हिवाळ्यात. एप्रिल ते जुलै ओकला पात्याने शिवू नका, ताज्या जखमेवर येणारे किडे रोग घेऊन येतात.

कंद कसे लावायचे ते पटकन. बुंध्यापासून दोन फूट सोडून, साधारण सहा फुटांपर्यंतच्या कड्यात, ऑक्टोबरच्या मध्यापासून थँक्सगिव्हिंगपर्यंत कधीही. सहा इंच खोल, टोक वर. शाळेच्या कवायतीसारखी रांग नको, सात-नऊचे झुबके करा. टेट-अ-टेट आणि फेब्रुअरी गोल्ड या लवकर फुलणाऱ्या जाती घ्या, ओक मोठा झाल्यावरही त्यांचं भागेल. त्या कड्यातलं गवत काढून टाका आणि पालापाचोळा पसरा. ओकची पानं जाड असतात, ओली होऊन त्यांचे थर बसतात, तेव्हा एकदा मोअरखाली बारीक करून पसरलेली बरी. फुलं गेल्यावर पानं किमान सहा आठवडे तशीच ठेवा. ती पसरट अस्ताव्यस्त दिसतात म्हणून काही जणी त्यांच्या वेण्या घालतात, रबरबँड लावतात. पुढच्या वर्षाचं फूल त्या पानांतून बनतंय, त्यांना ऊन खाऊ द्या.

या कड्याचा एक फायदा पुस्तकी वाटत नाही पण मोठा आहे. कोवळी झाडं रोगापेक्षा मोअर आणि दोरीच्या ट्रिमरने जास्त मरतात. गवत थेट बुंध्यापर्यंत असलं की लॉनवाला दर आठवड्याला तिथे दोरी फिरवतो आणि साल गोल कापली जाते. बुंध्याभोवती सहा फूट फुलझाडं असली की तो आपोआप लांबून जातो.

आता ओकचे तोटे, कारण मिस्टर ते सांगणार नाहीत. मेमध्ये गाडीवर पिवळट परागांची धूळ बसते; घरात कुणाला ॲलर्जी असेल तर त्रास होतो, अर्थात शेजारच्या ओकांनीही तो होतच असतो. पानं नोव्हेंबरात उशिरा पडतात आणि तरुण ओक तर वाळकी पानं हिवाळाभर अंगावर धरून बसतो. एकॉर्न धरायला वीसेक वर्षं लागतात, आणि मग काही वर्षी अतोनात येतात. डेकवर, पत्र्यावर टपटप, पायाखाली गोट्या. अशा भरघोस वर्षानंतर उंदीर वाढतात आणि त्यामागून टिक्स, म्हणजे गोचिडी, वाढतात, हे न्यू यॉर्क राज्यातल्या मिलब्रुकच्या केरी इन्स्टिट्यूटने वर्षानुवर्षं मोजून दाखवलंय. टिक्स चावून होणाऱ्या लाइम रोगाच्या या प्रदेशात हे हसण्यावारी न्यायचं नाही. मुलं खेळतात तो भाग आणि ओकखालचा पाला यांच्यात कापलेल्या गवताचा पट्टा ठेवा.

जमेच्या बाजूला एकच गोष्ट, पण ती भारी आहे. डेलावेअर विद्यापीठातले कीटकतज्ज्ञ डग टॅलमी यांच्या मोजणीत या भागात ओकांवर पाचशेहून जास्त जातींचे पतंग-फुलपाखरांचे सुरवंट पोसतात, दुसऱ्या कुठल्याही झाडापेक्षा जास्त. चिकडी हा आपल्या मुठीत मावेल एवढा पक्षी एका वेळची पिल्लं उडती करायला सहा ते नऊ हजार सुरवंट भरवतो. डॅफोडिल परदेशी, इथल्या सुरवंटांना त्याचा काही उपयोग नाही. तो आपल्या डोळ्यांसाठी लावायचा, आणि मार्चमधल्या त्या करड्या आठवड्यांत डोळ्यांनाही काहीतरी हवंच असतं.

राहिला घर बदलण्याचा मुद्दा. दोन-तीन वर्षांतच जायचं असतं तर मी म्हटलं असतं, दारापाशी कंद लावा आणि सोडून द्या. पाच-सात वर्षं असतील तर ओक लावाच. त्याची सगळी उस्तवार पहिल्या दोन वर्षांत संपते, आणि व्हाइट ओक वर्षाला फूटभर वाढतो असं धरलं तरी निघताना तुमच्यापेक्षा बऱ्यापैकी उंच, योग्य जागी उभं असलेलं झाड मागे राहतं. नवा मालक तोडेल का? तोडू शकतो. जर्सीतल्या अनेक गावांत ठरावीक जाडीपुढचं झाड तोडायला आता परवानगी लागते, त्यामुळे बुंधा सहा इंचांचा होईपर्यंत तो वाचला की बराचसा वाचला. डॅफोडिलचे झुबके मात्र जूनमध्ये पानं पिवळी झाल्यावर खणून, विभागून नव्या घरी नेता येतात. निम्मे न्या, निम्मे राहू द्या.

सासूबाईंचा निशिगंध. येतो, पण जमिनीत कायमचा नाही. तो मूळचा मेक्सिकोचा, जर्सीच्या थंडीत गोठून मरतो. भारतातून बॅगेत कंद आणू नका, कागदपत्रांशिवाय विमानतळावर काढून घेतात. इथे स्प्रिंगमध्ये ट्यूबरोझ म्हणून मिळतो. मोठ्यात मोठे, घट्ट कंद निवडा. फुलायला साधारण चार महिने लागतात, म्हणून एप्रिलमध्येच कुंडीत लावून उबदार खिडकीत ठेवा, मेच्या मध्यानंतर बाहेर, भर उन्हात. ऑगस्ट-सप्टेंबरात दांडे येतात. वासासाठी सिंगल घ्या. द पर्ल ही डबल जात हारात शोभते. पहिल्या हिमाच्या आत कुंडी गॅरेजमध्ये नको, घरातच घ्या. पानं वाळू द्या, पाणी बंद करा, आणि कंद पन्नास फॅरनहाइटच्या वर कोरडे ठेवा. एकदा फुललेला कंद परत फुलत नाही, त्याची पिल्लं फुलतात आणि त्यांना एखाद-दोन वर्षं लागतात. तेव्हा पहिली दोन वर्षं दर स्प्रिंगला पाच-सहा नवे कंद विकत घ्या, तोवर जुन्यांची पिल्लं तयार होतील.